पहिल्या माणसानं काय पाप केलं?

आमच्या ऑफिसात रोज सकाळी सगळ्यांच्या आधी मुनीरभाई येतात आणि आपणच बनवलेल्या वेबसाइटांची पानं एकेक करून उघडत बसतात. वाचत नाहीत. पान पूर्ण दिसलं की मान हलवतात, बंद करतात आणि पुढचं उघडतात. मंठ्याच्या बियाण्यांच्या दुकानाचं पहिलं पान, मग त्याच्याच वाणांचं पान, मग पतसंस्थेचं संचालक मंडळ, शाळेचे प्रवेश, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो. एकही पान सुटत नाही. ज्या शाळेचं स्नेहसंमेलन होऊन जमाना झाला, तिचेही फोटो रोज सकाळी मुनीरभाईंसमोर एकदा नाचून जातात.

मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं, ह्या गृहस्थांना काही काम दिसत नाही. दोन-चार दिवस पाहिलं आणि विचारलं, "मुनीरभाई, हे रोज कशासाठी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी रोज दात का घासता असं विचारलं होतं.

"ताई," ते म्हणाले, "पहिल्या माणसानं काय पाप केलं?"

हे वाक्य मी त्यानंतर इतक्यांदा ऐकलं आहे की आता माझ्याच तोंडून घरी निघतं आणि नवरा चमकून बघतो. त्याचा अर्थ मुनीरभाईंनी मला त्याच दिवशी समजावला. आमच्या जुन्या धाटणीच्या वेबसाइटांचं पान सर्व्हरवर कच्चं पडलेलं असतं. कुणीतरी ते मागितलं की सर्व्हर जागा होतो, पान मशीनला कळेल अशा भाषेत बांधून काढतो, त्यालाच कंपाइल करणं म्हणायचं, आणि मग दाखवतो. दुसऱ्याला, तिसऱ्याला ते बांधलेलंच मिळतं, झटक्यात. थांबावं लागतं ते पहिल्याला. सर्व्हर बंद होऊन चालू झाला की पुन्हा कुणीतरी पहिला. पानात काही बदल केला की पुन्हा कुणीतरी पहिला.

"म्हणून मी सकाळी येऊन पहिला होऊन घेतो," मुनीरभाई म्हणाले. "मंग दिवसभर कुणालाच पहिलं व्हावं लागत न्हाई."

आता आमच्या ऑफिसाबद्दल सांगते, म्हणजे हा माणूस कुठे बसून हे करतो ते कळेल. जालन्यात मोंढ्याच्या बाजूला टायरच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. एकीत शेखर सर, म्हणजे मालक. दुसरीत मी, मुनीरभाई आणि कोपऱ्यात सर्व्हर, ज्याला आम्ही नुसतं 'मशीन' म्हणतो. मशीनकडे तोंड करून टेबलफॅन ठेवलेला असतो. उन्हाळ्यात आम्ही घामाघूम आणि मशीन गारव्यात, अशी व्यवस्था. माझं काम गिऱ्हाइकांचे फोन घेण्याचं आणि मजकूर टाइप करण्याचं. ह्या धंद्याला इथे भवितव्य नाही असं माझं पहिल्या दिवसापासूनचं मत आहे आणि ते बदलावं असं अजून काही घडलेलं नाही.

मुनीरभाईंचं हे पहिलेपण वेबसाइटपुरतं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण तो त्यांचा स्वभावच. टपरीवरचा सकाळचा पहिला चहा फिका असतो, म्हणून तो ते स्वतः पितात. लग्नात पहिल्या पंगतीला भात कच्चा निघतो, म्हणून पहिल्या पंगतीला बसतात आणि वाढप्याला खूण करतात की आता बाकीच्यांना पाच मिनिटं थांबवा. थंडीत संध्याकाळी माझी स्कूटी चालू व्हायला कुरकुर करते, तर मी जिना उतरायच्या आत हे खाली जाऊन ती गरम करून ठेवतात. गाडी फटफटत उभी आणि हे शेजारी हात बांधून.

"अहो पेट्रोल जातंय माझं!" मी ओरडते.

"जाऊ द्या न ताई. खर्चा माझ्याकडून घ्या. पण चालू झाली का न्हाई एका झटक्यात?"

ऑफिसात आपण शिरतो तेव्हा आपला पंखा फिरत असतो, आपला कॉम्प्युटर सुरू होऊन आपली वाट पाहत असतो. पासवर्डसुद्धा टाकून ठेवलेला. ह्यावर मी एकदा भांडले. त्यांनी माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून पासवर्डाच्या जागी कर्सर आणून ठेवायला लागले.

नंतर त्यांना प्री-कंपाइलचं वेड लागलं. वेड म्हणजे, ही सोय पहिल्यापासून होतीच; आमच्याकडे कुणी ती वापरण्याची तसदी घेतली नव्हती. कच्ची पानं सर्व्हरवर टाकण्याऐवजी आपल्या कॉम्प्युटरवर आधीच सगळी बांधून घ्यायची आणि बांधलेलीच साइट वर चढवायची. मग पहिलाही दुसऱ्यासारखाच. मुनीरभाईंनी एकेका गिऱ्हाइकाला बोलावून हे समजावलं. मंठ्याचे बियाणेवाले ऐकून घेत होते, त्यांना काही उमगेना.

"वडीगोद्रीला हायवेवर ढाब्यावर थांबता न तुम्ही?" मुनीरभाई म्हणाले. "तुम्ही बसल्यावर त्यानं कांदा चिरायला घेतला तर चालंल का? त्याचा रस्सा पहाटंच तयार असतो. बस, तसंच."

बियाणेवाल्यांनी विचार केला. "म्हणजे शिळं देणार तुम्ही आमच्या गिऱ्हाइकाला?"

"शिळं न्हाई हो, तयार!"

"पण सकाळचं संध्याकाळी."

मुनीरभाईंनी तासभर खटपट केली. शेवटी त्या गृहस्थांनी परवानगी दिली ती, "बरं करा, पण आमच्या बियाण्यावर 'ताजं' असं लिहा" ह्या अटीवर. ते मीच टाइप केलं.

बांधलेल्या साइटचा एक जाच असतो. सर्व्हरवर जाऊन त्यात काही बदलता येत नाही. एक अक्षर बदलायचं तरी मूळ प्रत घ्या, सगळं पुन्हा बांधा, पुन्हा चढवा. पतसंस्थेचा अध्यक्ष दर थोड्या दिवसांनी बदलतो, त्यामुळे मला तर नको झालं होतं. मुनीरभाईंना मात्र नेमका हा जाचच आवडायचा. साइटा अशा बांधायला लागायच्या आधीपासूनच ते चालू सर्व्हरवर कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी एकदा घाईत एक काना तिथल्या तिथे दुरुस्त करायला गेले तर त्यांनी माझ्या हातातला माउस काढून घेतला. हा माणूस कुणाच्या अंगावर आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढवला.

"चालू साइटला हात न्हाई! बिलकुल न्हाई! काना ऱ्हाऊ द्या तसाच!"

एका कान्यासाठी इतकं, म्हणून मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

तर अशा सगळ्या साइटा त्यांनी बांधून टाकल्या. एकच सोडली. ती रक्तदात्यांची.

ही साइट त्यांनी फार पूर्वी एका तरुण मंडळासाठी फुकट केली होती. तालुका निवडायचा, रक्तगट निवडायचा, की दात्यांची नावं आणि फोन नंबर येतात. मंडळ पुढे विखुरलं, कुणी पुण्याला गेला, कुणी राजकारणात. साइट उरली. तिच्या मथळ्याचा रंग बिटाच्या कोशिंबिरीसारखा आहे. मी कितीदा सांगितलं, तो रंग तरी बदला, डोळ्यांना त्रास होतो. ते म्हणायचे, "रंग ऱ्हाऊ द्या." बांधा म्हटलं, तर "बघू" म्हणायचे. सगळ्या जगाच्या पहिल्या माणसाची काळजी वाहणाऱ्या ह्या गृहस्थांनी ती एकच साइट कच्ची ठेवली होती आणि तिला रोज सकाळी सर्वांत आधी उघडायचे.

दुपारी डबा खाऊन झाला की ते त्या यादीतल्या माणसांना फोन लावतात. रोज तीन-चार. नंबर चालू आहे का, माणूस जागेवर आहे का, बघायला. हे संभाषण ऐकण्यासारखं असतं.

"नमस्कार. मुनीर बोलून राह्यलो जालन्याहून. तुम्ही बी पॉझिटिव्हच आहात न अजून?"

समोरून काहीतरी खेकसल्याचा आवाज येतो.

"न्हाई, न्हाई, आज नको रक्त. नुसतं विचारून राह्यलो. तब्येत? बराबर. शुक्रिया."

एकानं त्यांना विचारलं होतं, तुम्हाला दुसरा धंदा नाही का. एकाच्या बायकोनं सांगितलं की ते वारले, तर मुनीरभाईंनी फोन ठेवून यादीतून त्यांचं नाव काढून टाकलं. यादी अशी रोडावत गेली. पण जे उरले आहेत ते फोन उचलतात.

त्यांच्या घरचं सांगायचं राहिलं. मूळ गाव टेंभुर्णी, तिथे बहीण आहे. जालन्यात ते एकटे राहतात. बायको नसरीन पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळही राहिलं नाही. ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी कधी काढत नाही. बहीण दर ईदेला दुसऱ्या लग्नाचं बोलते. मुनीरभाई हसून तिच्या मुलांना ईदी वाटतात आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येतात.

मागच्या महिन्यात शेखर सरांनी आम्हाला आत बोलावलं. मशीन म्हातारं झालं, ते बंद करायचं. बाहेरगावी कुठेतरी भाड्यानं जागा मिळते सर्व्हरवर, तिथे सगळ्या साइटा न्यायच्या. महिना संपला की सोमवारी मशीन बंद. पैसे देणारी गिऱ्हाइकं नव्या जागी जातील. रक्ताची साइट जाणार नाही.

मुनीरभाई उभेच राहिले. "सर, ती एकच घ्या न. छोटी आहे."

"छोटी कुठली? जुनाट आहे, उघडायला वेळ लावते, नव्या मशीनवर तिचा जाच कुणी सोसायचा?"

"हलकी करून देतो. बांधून देतो."

"मंग दे करून. बघू."

सरांचं 'बघू' म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मुनीरभाईंना ठाऊक नसावं. किंवा असेलही.

मी आल्यापासून त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा त्या साइटची मूळ प्रत उघडली. मी शेजारीच होते. हात कीबोर्डवर ठेवून ते नुसते बसून राहिले होते. मी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. मग एकदम कामाला लागले आणि तीन दिवस मान वर केली नाही. जुन्या चुका काढल्या, पानं सुटसुटीत केली, रंग मात्र तोच बिटाचा ठेवला. सगळी साइट बांधून मशीनवर चढवली आणि सरांना दाखवायला बोलावलं.

सरांनी तालुका निवडला. यादी लगेच आली. पुन्हा निवडला, पुन्हा लगेच.

"झकास झाली," सर म्हणाले. खुर्ची मागे सारून ते जरा वेळ पडद्याकडे बघत राहिले. ते वाईट माणूस नाहीत. "पण मुनीर, खरं सांगू का? रक्त लागलं की लोक आता थेट रक्तपेढीत फोन करतात, न्हाई तर गावच्या ग्रुपवर टाकतात. मी बघितलंय. ह्या साइटवर येणारा तू एकटा आहेस."

मुनीरभाईंनी मान हलवली, पान उघडल्यावर हलवतात तशीच. मला सरांचा राग आला आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं म्हणून जास्तच आला.

मशीन बंद व्हायच्या आधीचा शुक्रवार उजाडला. दुपारी मुनीरभाई नमाजला गेले आणि सरांना सफाईची हुक्की आली. न्यायचं सामान कमी व्हावं म्हणून ते मशीनवरचा कचरा काढायला बसले. आता एक गोष्ट सांगते. साइट बांधली की पानांचा सगळा जीव दुसऱ्या फाइलींत जातो आणि मूळ पानाच्या जागी त्याच नावाची एक पोकळ फाइल उरते. तिच्यात एकच इंग्रजी ओळ असते. तिचा अर्थ, ही फाइल केवळ खुणेसाठी आहे, ती पुसू नये. सरांनी इतक्या रिकाम्या फाइली पाहिल्या आणि खूश होऊन सगळ्या साइटांमधल्या सगळ्या पुसून टाकल्या. ती ओळ त्यांनी वाचली नाही. कोण वाचतो?

पाच मिनिटांत माझा फोन वाजायला लागला. बियाण्यांचं दुकान गायब, पतसंस्था गायब, शाळेचे प्रवेश गायब. मंठ्याचे बियाणेवाले म्हणाले, "मी म्हणलोच होतो, शिळं टिकत न्हाई." सर घामाघूम होऊन टेबलफॅन मशीनकडून स्वतःकडे वळवत होते. एवढ्यात मुनीरभाई टोपी खिशात घालत जिना चढून आले.

"काय झालं?"

"अरे त्या रिकाम्या फाइली..." सर म्हणाले. "रिकाम्या दिसल्या म्हणून उडवल्या."

"रिकाम्याच असतात सर," मुनीरभाई खुर्ची ओढत म्हणाले. "पण पान मागायला आलेला तिलाच हाक मारतो. ती नसली तर मशीनला वाटतं, इथं कुणी राहतच न्हाई."

ना चिडले, ना सुनावलं. प्रत्येक साइटची बांधलेली प्रत त्यांच्या कॉम्प्युटरवर होतीच. एकेक पुन्हा चढवत गेले. मी गिऱ्हाइकांना फोन करून "बघा हो आता" सांगत गेले. ऊन कलायच्या आत सगळ्या साइटा परत आल्या. सर म्हणाले, "वाचवलंस बाबा. आता जा घरी."

मुनीरभाई उठले नाहीत. त्यांनी रक्ताची साइट चढवायला घेतली.

"ती कशाला आता?" सर म्हणाले. "सोमवारी बंदच करायची ना?"

"सोमवारपर्यंत कुणी आलं तर?" मुनीरभाई म्हणाले. आणि मग, सवयीनं, हळू आवाजात, "पहिल्या माणसानं काय पाप केलं?"

सर आत निघून गेले. साइट चढली. मुनीरभाईंनी उघडून बघितली नाही. माझ्याकडे वळले. "ताई, तुमच्या मोबाइलवर उघडा. आज पहिल्या तुम्ही व्हा."

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला पहिलं होऊ दिलं नव्हतं. मी मोबाइल काढला, तालुका निवडला, रक्तगट निवडला.

"उघडलं?"

"उघडलं."

"थांबावं लागलं?"

"नाही हो. बोट उचलायच्या आत आलं."

त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि त्या बिटाच्या रंगाच्या मथळ्याकडे बघत राहिले.

"एवढाच वेळ लागाया पाहिजे व्हता त्या दिवशी," ते म्हणाले.

मग त्यांनीच सांगितलं. पूर्वी मथळ्याचा रंग लाल होता. नसरीनला तो आवडला नाही. रक्ताच्या साइटला रक्ताचा रंग कशाला, आधीच घाबरून आलेलं माणूस असतं, असं ती म्हणाली. ह्यांनी तिच्या समोरच, चालू सर्व्हरवर जाऊन, तो बदलला. गंमत म्हणून. दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं आणि डॉक्टरांनी रक्त आणा सांगितलं. रंग बदलल्यावर सगळी पानं पुन्हा कच्ची झाली होती. तेव्हापासून कुणी ती उघडली नव्हती.

"पहिला माणूस मीच व्हतो ताई. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये हुभा राहून मोबाइलवर ते गोल चक्कर बघून राह्यलो व्हतो. दाबलं, पुन्हा दाबलं. मीच बनवलेली साइट. मला ठाव व्हतं आत काय चाललंय. ती पानं बांधून राह्यली व्हती."

"मुनीरभाई, एका मिनिटानं काही..."

"डॉक्टरबी तेच म्हणले. तासभर आधी मिळालं असतं तरी न्हाई, म्हणले." त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "पण त्या वक्ताला मी तिच्याजवळ पाहिजे व्हतो न. ती आत हाक मारून राह्यली व्हती. मला वाटलं, आता उघडंल, आता उघडंल."

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. त्यांनी खिशातून टोपी काढली, पुन्हा घातली आणि माझी स्कूटी गरम करायला खाली गेले.

सोमवारपर्यंत त्या साइटवर कुणीही आलं नाही. सोमवारी सकाळी मुनीरभाईंनी तिची सगळी पानं एकदा उघडली, मान हलवत, नेहमीसारखी. मग मशीन त्यांनीच बंद केलं आणि टेबलफॅनही. इतका आवाज तो फॅन करत होता हे आम्हाला तेव्हा कळलं.

मंगळवारी मी ऑफिसात शिरले तेव्हा माझा पंखा बंद होता. कॉम्प्युटरचा पडदा काळा. मुनीरभाई आलेले होते, खिडकीशी बसले होते, मोकळ्या कोपऱ्याकडे पाठ करून. मी पंखा लावला, कॉम्प्युटरचं बटण दाबलं. तो घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला.

मुनीरभाई दचकून उठले. "अरे! चालू करायचं राहूनच गेलं. थांबावं लागून राह्यलं न तुम्हाला?"

"लागू द्या," मी म्हटलं. "या, बसा इथे. मी थांबते."